बास मराठवाड्यात नको, मरळ आपल्याकडे आहेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस झाला की मराठवाड्यात शेततळ्यांत बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्ले, सोडायची घाई सुरू होते. त्याच सुमारास मोबाइलवर रॉड-रीलचे व्हिडिओ पाहून तयार झालेली तरुण मंडळी जलाशयांच्या काठावर दिसू लागतात. या दोन्ही ठिकाणी ‘लार्जमाउथ बास’ या अमेरिकी माशाची चौकशी होते. आपल्या तळ्यात तो जगेल का, त्याचे बीज कुठे मिळेल, धरणात सोडला तर चालेल का? तिन्ही प्रश्नांना आमचे एकच उत्तर आहे: हा मासा इथे आणू नये; गळाची हौस असेल तर आपली मरळ आहेच. मात्र नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. ढाब्यावर किंवा हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे पांढरे, काटा नसलेले तुकडे मिळतात तो पंगेशियस. त्याला खवले नसतात, तोंडाजवळ मिशा असतात. ‘सी बास’ किंवा ‘एशियन सी बास’ म्हणून ज्याचे बीज विकले जाते तो आपल्या किनारपट्टीचा जिताडा. तो चंदेरी, शेपटीला गोल, आणि अंडी घालायला त्याला खारे पाणी लागते. त्यामुळे गोड्या तळ्यात त्याची पिलावळ होत नाही. लार्जमाउथ बास या दोघांचाही कोणी नाही. तो सनफिशच्या कुळातला, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, मिसिसिपीचे खोरे आणि पंचमहासरोवरांपासून मेक्सिकोच्या उत्तरेपर्यंतचा मासा.

त्याची ओळख अशी पटवावी. अंग हिरवट, पोट पांढरट. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बाजूने काळपट, तुटक पट्टा जातो; लहान पिलात तो जास्त ठळक असतो. तोंड मिटलेले असताना वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे जाते. पाठीवरच्या पराचे दोन भाग पडतात. पुढच्या भागात नऊ-दहा टोकदार काटे, मागचा भाग मऊ, आणि मधे इतकी खोल खाच की दोन वेगळे पर वाटावेत. मिशा नाहीत, खवले आहेत. या सगळ्या खुणा एकत्र दिसल्या तर मासा पाण्यात सोडू नका.

आता तो मासा म्हणून कसा आहे ते पाहू. पाणवनस्पतीच्या कडेला, बुडालेल्या खोडाआड दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घ्यायचे, ही त्याची रीत. मासे, बेडूक, चतुरांच्या अळ्या, खेकडे, प्रसंगी पाणपक्ष्यांची पिल्ले, काहीही चालते. स्वतःच्या लांबीच्या निम्म्यापर्यंतचा मासा तो गिळतो. आपण तळ्यात सोडतो ती बोटुकली आठ-दहा सेंटीमीटरची असते, म्हणजे एका फुटाच्या बासला ती सहज घासभर.

पाणी १६ ते २० अंशांच्या आसपास आले की नर उथळ पाण्यात, साधारण गुडघाभर ते कंबरभर खोलीवर, शेपटीने गाळ झाडून गोल खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते. संख्या दोन हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जाते. मग नर तिथून हलत नाही. शेपटीने पाणी हलवत राहतो, जवळ येणाऱ्याला हाकलतो आणि पिल्ले बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांच्या घोळक्याभोवती फिरतो. अशी राखण असल्यामुळेच थोड्या माशांपासून मोठी पिलावळ उभी राहते.

‘आपल्या उन्हात तो टिकणारच नाही’ असे काही जण म्हणतात. उथळ तळ्यात मे महिन्यात तो मरेलही, कारण पाणी ३६ अंशांच्या आसपास गेले की त्याला सोसत नाही. पण त्याला सर्वांत मानवते ते २४ ते ३० अंशांचे पाणी, आणि वर्षातले कितीतरी महिने आपले पाणी तसेच असते. येलदरी, इसापूर, माजलगाव यांसारख्या जलाशयांत खोलीला गारवा सापडतो. थंडीत काठचे पाणी उतरते तेव्हा अंडी घालण्यापुरती थंडीही मिळते. तो नजरेने शिकार करतो, गढूळ पाण्यात त्याचे फावत नाही, हे खरे. पण आपले गढूळ पाणी दिवाळीनंतर निवळतेच. मरेल या भरवशावर सोडून पाहण्याजोगी ही गोष्ट नाही.

मराठवाड्यापुरते एक कारण आम्हाला सर्वांत मोठे वाटते. आपल्या नद्या बारमाही वाहत नाहीत. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. अशा वर्षी नदीपात्रात मोजके डोह उरतात. वाम, शिंगाळे, मरळ, झिंगे आणि काठाकाठाने फिरणारे बोटभर लांबीचे असंख्य मासे त्या डोहांत दाटीने तग धरतात, आणि पुढच्या पावसात नदी भरते ती याच उरलेल्या जिवांपासून. त्या चार डोहांत उघड्या तोंडाचा, दिवसभर शिकार करणारा परका मासा कोंडला गेला तर पुढच्या वर्षासाठी मागे काय राहील? जिथे नद्या सतत वाहतात तिथे लहान माशांना पळायला वाट असते. इथे ती नसते.

बाहेरच्या देशांचे अनुभवही समोर आहेत. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास आणला गेला, पुढे तो देशभर पसरला. २००५ पासून तिथे कायद्याने तो पाळणे, जिवंत नेणे आणि पाण्यात सोडणे बंद आहे. बिवा सरोवराच्या काठी तर पकडलेला बास परत पाण्यात न टाकता ठेवलेल्या पेटीत टाकायचा, अशी व्यवस्था आहे. त्याच बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी १०.१२ किलोचा बास गळाला लागला आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या १९३२ च्या जागतिक विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. परक्या पाण्यात तो किती फोफावतो, हे त्या वजनावरून कळते. ग्वाटेमालातल्या अतितलान सरोवरात १९५८-६० मध्ये पर्यटकांना गळाची मजा मिळावी म्हणून बास सोडला. तिथे एक मोठी, उडता न येणारी पाणडुबी (आपल्या टिबुकलीच्या कुळातला पाणपक्षी) होती, जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. १९६५ पर्यंत ती ऐंशीच्या आसपास उरली आणि पुढे कायमची गेली. काठची लव्हाळी तोडली गेली, १९७६ च्या भूकंपानंतर पाणी उतरले, ही कारणेही होतीच. पण तिचे लहान मासे आणि खेकडे संपवायला सुरुवात बासने केली. पैठणच्या नाथसागरावर ज्यांनी टिबुकलीला पिल्ले पाठीवर घेऊन पोहताना पाहिले असेल, त्यांना यात काय गेले ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हे असे आधी झाले आहेच. १९५२ साली देशात आणलेला तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आज जाळ्यात येते ती कोणी बोलावली म्हणून नव्हे. थाई मांगूर शेजारच्या देशातून चोरवाटेने आला, २००० साली त्याच्यावर बंदी आली, तरी तो अजून पकडला जातो आणि नष्ट करावा लागतो. पाण्यात गेलेला मासा परत काढता येत नाही. परदेशी मासा आणायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि हा नियम बासलाही लागू आहे. कुणी पिशवीत बीज घेऊन बांधावर आला तर त्याच्याकडे कागद मागा.

शेतकऱ्याने हिशेबाच्या बाजूनेही विचार करावा. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात, उतार १:१ असला तर, सुमारे २,१९६ घनमीटर म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. पाण्याचा पसारा नऊ गुंठे. त्यात ५०० च्या आसपास बोटुकली पुरते: ४० टक्के कटला, ३० टक्के रोहू, ३० टक्के मृगळ. कटला वरचे खातो, रोहू मधले, मृगळ तळाचे, म्हणून तिघे एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मासे सरासरी २०० ग्रॅमचे झाले की तळ्यात १०० किलो वजन होते. त्यांना रोज दोन ते तीन किलो खाद्य, निम्मा भाताचा कोंडा आणि निम्मी शेंगदाणा पेंड. दोन्ही गावात मिळते.

बासचे तसे नाही. तो कोंड्याला तोंड लावत नाही. चीनमध्ये त्याची मोठी शेती होते हे खरे, पण तिथे पिल्ले तीन-चार सेंटीमीटरची असतानाच त्यांना गोळी खाद्याची सवय लावतात, आणि त्या गोळीत प्रथिने ४५ टक्क्यांच्या वर ठेवावी लागतात. पिष्ट जास्त झाले की त्याचे यकृत बिघडते. असे खाद्य आपल्या तालुक्याच्या बाजारात नाही. सवय लागली नाही तर तो जिवंत मासेच खाणार. अमेरिकेत तळे सांभाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की बासचे वजन एक किलोने वाढायला सुमारे दहा किलो मासळी लागते. तुमचे दहा किलो रोहू देऊन एक किलो बास, आणि तोही बाजारात कोणी ओळखत नाही असा!

त्याच्या मायदेशातही हा मासा तळ्यात सोडून विसरून जाण्याचा नाही. अलाबामातील ऑबर्न येथे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी शेततळ्यांवर वर्षानुवर्षे काम करून बास आणि ब्लूगिल (बासचे खाद्य असलेला छोटा सनफिश) या जोडीचे प्रमाण बसवले: खत घातलेल्या एका एकर तळ्याला १,००० ब्लूगिल आणि १०० बास. बास कमी पडले की ब्लूगिल बेसुमार वाढून खुरटतात, बास जास्त झाले की तेच उपाशी राहून वीतभरावर अडतात. म्हणून दरवर्षी मोजून मासे काढावे लागतात. ही जोडी आपल्या तळ्यात नाही, आणि कटला-रोहूचे बीज तिची जागा घेऊ शकत नाही, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. बासने खाल्लेली बोटुकली त्या तळ्यात पुन्हा तयार होत नाही.

आता गळाच्या हौसेबद्दल. या हौसेला आमचा विरोध नाही, उलट तिचे आम्हाला कौतुक आहे, कारण गळ घेऊन पाण्याकाठी तास न् तास बसणाऱ्याला पाण्याची नासाडी सर्वांत आधी दिसते. बासमध्ये लोक जे शोधतात, म्हणजे झुडपाआडून झेप, पाण्यावरचा स्फोट, काठीला बसणारा हिसका, ते सगळे आपल्या मरळीत आहे. मरळही गवताच्या कडेला दबा धरते, मरळही पिल्लांची राखण करते, आणि शिवाय हवेत श्वास घेते. कुणी विचारेल, मरळही मांसाहारीच ना? आहे. पण ती इथल्या माशांबरोबर इथल्याच पाण्यात वाढलेली आहे, उन्हाळ्यात चिखलात राहते, आणि इथले मासे तिला ओळखतात.

मरळीची जागा ओळखायला पाण्याकडे नुसते पाहत बसावे. ती हवा घ्यायला वर येते तेव्हा ‘गुडूप’ असा छोटा आवाज होतो आणि एक वर्तुळ उमटते. पाच-दहा मिनिटांनी त्याच आसपास पुन्हा उमटते. बेशरमाची झुडपे, जलपर्णीची कडा, बुडालेल्या बाभळींचा झाडोरा या तिच्या जागा. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी हात दुखवून घेऊ नयेत.

साधन साधे असावे. साडेसहा-सात फुटांचा, जरा ताठ रॉड, त्यावर ३० ते ४० पौंडांची विणलेली दोरी. बारीक तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) झाडोऱ्यात घासून तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो, हे सर्वांत वाईट. पुढे पाच-सहा सेंटीमीटरचा रबरी बेडूक, ज्याच्या आकड्या अंगाला चिकटून वर वळलेल्या असतात, त्यामुळे तो गवतावरून सरकतो पण अडकत नाही. आकडीवरचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. जिवंत बेडूक गळाला लावायची जुनी रीत सोडून द्यावी. रबरी बेडूक तेच काम करतो आणि बांधावरचा बेडूक पिकातल्या किडीसाठी राहतो.

वर्तुळाच्या दोन हात पलीकडे टाकायचे. नेम धरून डोक्यावरच टाकले तर मासा बुजतो. मग टोक हलकेच हलवत, थांबत थांबत ओढायचे. नवखे इथेच चुकतात: पाणी उसळले की लगेच हिसका देतात आणि बेडूक रिकामा परत येतो. मरळ आधी धडक मारते, मग तोंडात धरून वळते. दोन-तीन सेकंद थांबावे, दोरीला ओझे जाणवू द्यावे, मग जोरात उचलावे. उचलल्यावर मात्र ढील द्यायची नाही, कारण ती सरळ झाडोऱ्यात शिरते.

व्हिडिओत बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. बासचे दात सँडपेपरसारखे खरखरीत असतात, म्हणून ते जमते. मरळीच्या किंवा शिवड्याच्या (मिशीवाला शिकारी मासा) तोंडात तसा अंगठा घालू नका, टोकदार दातांनी मांस फाटते. हात आधी पाण्यात भिजवावेत, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. एक हात डोक्यामागे, एक पोटाखाली. गळ लांब चिमट्याने काढावा. घशात खोल गेला असेल तर ओढाओढ न करता दोरी तोंडाजवळ कापावी. मासा सोडायचा असेल तर फोटो मिनिटाच्या आत उरकावा आणि मासा काठच्या तापलेल्या खडकावर ठेवू नये. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण अंग वाळले की ती नंतर मरते, आपल्या नजरेआड.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका खदखदताना दिसतो. त्याच्या खालीच नर-मादी असतात आणि घोळक्यात पडलेल्या कशावरही ती तुटून पडतात, म्हणून तिथे गळ टाकला की मासा हमखास मिळतो. असे करू नका. पालक गेले की तास-दोन तासांत इतर मासे तो घोळका फस्त करतात. एका मरळीच्या बदल्यात शेकडो जातात.

जलाशयावर जाताना तिथला मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्यावी. भोई कुटुंबांचे पोट त्या पाण्यावर आहे, त्यांच्या जाळ्यांच्या जवळ गळ टाकू नये. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय उतरू नये.

शेवटी शेततळेवाल्यांसाठी, कारण बीज सोडायचे दिवस आले आहेत. बीज घेताना पिशवीतले पाच-दहा मासे पांढऱ्या घमेल्यात ओतून पाहा. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले, रोहूचे ओठ झालरीसारखे, मृगळ सडपातळ. मोठ्या तोंडाचे, बाजूला काळा पट्टा असलेले किंवा मिशीवाले पिल्लू निघाले तर पूर्ण पिशवी परत करा. ते ओढ्यात ओतून देऊ नका. पिशवी तळ्याच्या पाण्यात १५-२० मिनिटे तरंगत ठेवा, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या, आणि पिल्ले आपणहून बाहेर जाऊ द्या. हे काम सकाळीच करावे. दुपारी ओतलेले बीज दुसऱ्या दिवशी काठाला पांढरे होऊन लागते आणि दोष बीजाला दिला जातो.

मातीच्या तळ्यात आधीची मरळ किंवा शिवडा राहिला असेल तर नवी बोटुकली त्यांच्याच पोटात जाते. तळे पूर्ण आटवून भेगा पडेपर्यंत वाळवणे सर्वांत चांगले, कारण मरळ ओल्या चिखलात जिवंत राहते. आटवता येत नसेल तर मोहाची पेंड (तिच्या विषाने तळ्यातले मासे मरतात), हेक्टरी मीटरभर पाण्याला २,५०० किलो. म्हणजे नऊ गुंठ्यांत मीटरभर पाणी असेल तर सुमारे २२५ किलो. ती रात्रभर भिजवून सगळीकडे शिंपडावी. पाण्यातले विष उतरायला तीन आठवडे द्यावेत, तोपर्यंत बीज सोडू नये आणि जनावरांना ते पाणी पाजू नये. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात याची गरज पडत नाही. तिथे अडचण वेगळी: चिखल नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी तयार होते. शेण थेट टाकले तर ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकते, म्हणून गोणपाटात भरून कोपऱ्यांत लटकवावे. आणि तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी नक्की बसवावी, म्हणजे अतिवृष्टीत आपले मासे ओढ्यात आणि ओढ्यातले आपल्या तळ्यात येणार नाहीत.

आपल्या दैनिकाला एक विनंती. जुलै-ऑगस्टमध्ये बीज विक्रीच्या काळात कटला, रोहू, मृगळ, जिताडा, पंगेशियस, थाई मांगूर आणि लार्जमाउथ बास यांच्या पिल्लांची छायाचित्रे शेजारी शेजारी, खऱ्या मापात, एका पानावर छापावीत. ते पान शेतकरी कापून मोटारीच्या खोलीत चिकटवील आणि पिशवी उघडताना समोर धरील.

आपले,
गोड्या पाण्यातील मत्स्यपालन व मासेमारीशी संबंधित काही वाचक,
परभणी